नकाशा कोणी मोडला?

शहर वाढते, तेव्हा आधी नकाशा होतो. इथे रस्ता, इथे घरे, इथे शाळा, इथे बाग. प्रत्येक जागेचा उपयोग ठरतो. आपण नकाशा सोडून घर बांधले, तर पालिका नोटीस देते. पण कारभाऱ्यांनीच नकाशा मोडला तर?

बंगळूर शहरात असे झाले. सँकी तलावाजवळच्या वस्तीत एक मोकळी जागा होती. नकाशात ती बागेसाठी राखलेली होती. १९७६ साली सरकारने हुकूम काढला. शहराच्या विकास प्राधिकरणाने ठराव केला. जागा एका खाजगी संस्थेला इस्पितळासाठी दिली.

वस्तीतले लोक हायकोर्टात गेले. तिथे आधी हरले. पण त्यांनी धीर सोडला नाही. तिथेच दोन न्यायाधीशांपुढे अपील केले आणि ते जिंकले. मग ती संस्था दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेली.

समोरच्यांचे म्हणणे काय होते? एक, या लोकांचा या जागेशी संबंध काय? दुसरे, इस्पितळही लोकांच्याच उपयोगाचे आहे.

कोर्टाला हे पटले नाही. बाग गेली, तर मोकळी हवा जाते ती तिथल्याच रहिवाशांची. म्हणून दाद मागण्याचा हक्क त्यांना आहे. बाग गरीब-श्रीमंत सर्वांना खुली असते. खाजगी इस्पितळ हा पैशाचा व्यवहार. एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. १९९१ साली निकाल लागला. बागेची जागा बागेलाच राहिली.

आता शहरे आपल्या शिवाराला येऊन भिडली आहेत. म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने शहराचा विकास आराखडा लोकांपुढे ठेवावा लागतो. तो जाऊन पाहा.

२. हरकत असेल, तर मुदतीच्या आत लेखी द्या. पोच घ्या.

३. ठरावाची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली मागा.

४. दाद लागली नाही, तर हायकोर्टात रिट अर्ज करता येतो. उशीर करू नका.

५. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कमी उत्पन्नाची माणसे यांना फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. भाऊबंदकीसाठी ते खरे. पण सर्वांची जागा जात असेल, तर गप्प बसणे शहाणपणाचे नव्हे.

प्रश्न : १. बागेची जागा कोणाला दिली होती? २. कोर्टाने रहिवाशांचा हक्क का मानला? ३. हरकत दिल्यावर काय घ्यावे?