पेव आणि पेठ : वऱ्हाडच्या कापसाचा एक धडा



अर्थशास्त्राचे नाव काढताच पुष्कळ विद्यार्थ्यांस असे वाटते की, हा विषय मोठमोठ्या पेढ्यांचा, सरकारी अंदाजपत्रकांचा व परदेशी व्यापाराचा असून आपल्या घराशी त्याचा काही संबंध नाही. ही समजूत किती चुकीची आहे हे दाखविण्याकरिता आम्ही मागे वर्गात एक साधा प्रश्न विचारला होता : "तुमच्या घरी कधी पेव होते काय?" बहुतेक मुलांस हा शब्दच ठाऊक नव्हता. तेव्हा घरी जाऊन वडीलधाऱ्यांस विचारून येण्यास आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आपल्या आबाजींचे उत्तर जसेच्या तसे आणले : "पेवात जवारी असली म्हंजे आभायाचं भेव नोयतं." या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे, त्याचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. गावाच्या पांढरीत, जेथे पाणी मुरणार नाही अशी उंचवट्याची जागा पाहून, ते खणीत. आतून कडबा लावीत, ज्वारी भरीत आणि तोंड दगडमातीने बंद करीत. चांगल्या वर्षाची ज्वारी अशी जमिनीच्या पोटात राही व वाईट वर्षी बाहेर निघे. आज ती पेवे बुजली आहेत. ती का बुजली, या प्रश्नाचे उत्तर शोधीत गेल्यास आपण अकोल्याच्या व अमरावतीच्या पेठेतून थेट इंग्लंडातील गिरण्यांपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम पाश्चात्य अर्थशास्त्राचा मूळ विचार पाहू. अॅडम स्मिथ याचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ साली व डेव्हिड रिकार्डो याचा १८१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या शिकवणीचे सार थोडक्यात असे की, प्रत्येक देशाने आपणांस जे तुलनेने अधिक चांगले साधते तेच करावे, ते पेठेत विकावे व बाकीच्या गरजा पेठेतूनच भागवाव्या. असे केल्याने सर्वांचाच लाभ होतो. हा विचार खोटा नव्हे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतात दहा मण ज्वारी किंवा चार मण कापूस पिकतो, आणि त्या चार मण कापसाच्या पैशात पेठेत पंधरा मण ज्वारी मिळते. अशा वेळी शेतकऱ्याने कापूसच पेरावा, हे कोणीही सांगेल. परंतु पुढल्या वर्षी कापसाचा भाव निम्मा झाला व ज्वारीचा दुप्पट झाला तर? गणित करून पाहा. त्याच चार मण कापसात आता पावणेचार मण ज्वारी मिळेल. पाऊस अपुरा पडून कापूसही निम्माच आला, तर दोन मणही हाती येणार नाही. पाऊस नसला म्हणजे ज्वारीही बुडते, हे खरे. पण ज्वारी पेरणाऱ्याच्या पेवात मागल्या वर्षाची ज्वारी असे. कापूस पेरणाऱ्याजवळ मागल्या वर्षाचे काय उरले, हे त्याच्या सावकाराच्या वहीवर अवलंबून असे.

आता वऱ्हाडचा इतिहास पाहू. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. तत्पूर्वी येथे सुबत्ताच नांदत होती असे मात्र कोणी समजू नये. इजारदारांचा जाच होता, लुटालूट होती, दुष्काळही पडत. तथापि गावात पिकणारा कापूस पुष्कळसा गावातच पिंजला, कातला व विणला जाई. उरलेला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून दूरदेशी जाई. कापूस हे एक पीक होते, सर्वस्व नव्हते.

पुढे थोड्याच वर्षांत तीन मोठे फेरफार घडले. पहिला जमिनीच्या मालकीचा. १८६० नंतरच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि तीस वर्षांपुरता सारा ठरला. आपली जमीन आपल्या नावावर झाली, हा रयतेचा मोठाच लाभ होता. परंतु जी वस्तू विकता येते ती गहाणही पडते, हे त्याबरोबरच आले. सारा रोकड भरावयाचा, तोही नेमलेल्या मुदतीत. यास्तव रोकड देणारे पीक घेणे भाग झाले. दुसरा फेरफार आगगाडीचा. १८६७ साली मुंबईची गाडी वऱ्हाडातून नागपुरास पोहोचली, आणि पुढे खामगाव व अमरावती येथील पेठांस फाटे जोडले गेले. तिसरा फेरफार सातासमुद्रांपलीकडे घडला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. कापसाचे भाव कल्पनेबाहेर चढले. अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' हे कापसाच्या एका जातीचे नाव रूढ झाले.

त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरिता सरकारने एक कापूस-कमिशनर नेमला होता. हॅरी रिव्हेट-कार्नॅक असे त्याचे नाव. विलायती कापड आगगाडीने स्वस्त येऊन देशी कापडाची जागा घेईल, मग येथे कातण्या-विणण्यात खर्ची पडणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणारे व विणणारे हात शेतमजुरीस लागून नवी जमीन लागवडीखाली येईल, अशी आशा त्याने उघडपणे लिहून ठेवली आहे. तो मनुष्य दुष्ट होता म्हणून त्याने हे लिहिले असे नव्हे. त्याच्या अर्थशास्त्राप्रमाणे हे सर्व हिताचेच होते. चरखा थांबलेल्या घरात संध्याकाळी काय शिजेल, हा प्रश्न त्या शास्त्राच्या पानावर नव्हता.

या नव्या व्यवस्थेचे जे लाभ झाले ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले, मजुरी मिळू लागली, अकोला, अमरावती, खामगाव ही शहरे वाढली, पैका खेळू लागला, शाळा निघाल्या. कारंजा येथे १८८६ साली कापसाची नियंत्रित पेठ स्थापन झाली, व १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या पेठांकरिता कायदा झाला. मापात व दलालीत शेतकऱ्यास नाडले जाऊ नये म्हणून हिंदुस्थानात झालेला हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. त्याचा मान वऱ्हाडाकडे आहे.

परंतु १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले व भाव कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र कोसळले नाही. पेठेला चांगल्या मालाची कदर असते असे म्हणतात. पण वऱ्हाडात उलटाच अनुभव आला. येथील लांब धाग्याचा 'बनी' कापूस नामांकित होता. त्यास पुरेसा अधिक भाव मिळेना. तेव्हा आखूड धाग्याचा, पण पीक व रुई अधिक देणारा 'जरी' कापूस शेतकऱ्यांनी पत्करला. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. पेठेने जे शिकविले तेच ते शिकले. काळ्या जमिनीत कपाशी वाढत गेली, आणि जेथे पोटाची ज्वारी पेठेतून आणावयाची, तेथे पेव भरावयाचे कशाने?

याची किंमत १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत चुकती करावी लागली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लक्ष ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे २७ लक्ष ५४ हजार भरली. म्हणजे दहा वर्षांत जेथे वाढ व्हावयाची, तेथे दुष्काळ व रोगराई यांमुळे जवळजवळ दीड लक्ष माणसे कमी झाली. आगगाडी होती, ती धान्य आणूही शकत होती. परंतु गाडीतून आलेले धान्य विकत घ्यावे लागते. कापूस बुडाला, मजुरी बुडाली, मग पैसा कोठून आणावा? दुष्काळात माणसे धान्य नसल्यामुळेच मरतात असे नाही, धान्य मिळविण्याचे सामर्थ्य गेल्यामुळे मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. वऱ्हाडच्या मजुरांस हे ग्रंथ वाचण्यापूर्वीच कळले होते. आमच्या स्वतःच्या घराण्याची वंशावळ त्याच दुष्काळात एका अनाथालयाच्या वहीत सुरू होते. त्यात एका मुलाचे नाव व अंदाजे वय आहे. गावाचे नाव नाही, आईबापांचे नाव नाही. म्हणून हा विषय आम्हांस केवळ पुस्तकातला वाटत नाही.

असा अनुभव एकट्या वऱ्हाडाचा नव्हे. आफ्रिकेतील इजिप्त देशाने त्याच अमेरिकन युद्धाच्या काळात कापसावर भिस्त ठेविली. भाव चढताच तेथील अधिपती इस्माईल याने कालवे, आगगाड्या व इमारती यांकरिता युरोपातील पेढ्यांकडून अफाट कर्ज काढले. भाव उतरले, कर्ज उरले. १८७६ साली त्या देशास कर्जफेड थांबवावी लागली व १८८२ साली तेथे इंग्रजांची फौज उतरली. वऱ्हाडात जे एकेका शेतकऱ्याचे झाले, तेच तेथे अख्ख्या राष्ट्राचे झाले.

मग पाश्चात्य विचार टाकूनच द्यावे काय? या प्रश्नाचे फार समतोल उत्तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात सापडते. अर्थशास्त्राचे सिद्धांत हे सर्व देशांस व सर्व काळांस सारखेच लागू पडणारे नाहीत. ज्या समाजाच्या परिस्थितीत ते जन्मले ती परिस्थिती आपल्याकडे आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रानड्यांनी पाश्चात्य ग्रंथ मन लावून वाचले होते, म्हणूनच त्यांस त्यांच्या मर्यादा दिसल्या. न वाचता नाकारणे व न तपासता स्वीकारणे, ही दोन्ही आळसाचीच रूपे होत.

हाच प्रश्न पुढल्या पिढ्यांपुढेही निरनिराळ्या रूपांनी आला आहे. १९७२ पासून महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. तिने शेतकऱ्यास ठरलेल्या भावाचा आधार दिला. पण पुढे ती तोट्यात रुतली आणि २००२ च्या सुमारास खासगी व्यापारास पुन्हा वाट मोकळी झाली. दरम्यान १९९१ साली देशाने आर्थिक धोरण बदलून खुल्या बाजाराची कास धरली व १९९५ पासून भारत जागतिक व्यापार संघटनेचा सभासद आहे. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीचा उपद्रव कमी झाला; परंतु संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीवर घाला घातला. येथील बहुतेक कपाशी आजही पावसावरच अवलंबून आहे. बियाणे, खत, औषध हे सर्व आधी रोकड मागतात; पाऊस मात्र कोणतेही वचन देत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र चालू असता २००६ साली केंद्र सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांकरिता ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्या सहांपैकी पाच जिल्हे जुन्या वऱ्हाडातील आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पेवे पुन्हा खणावी असा आमचा आग्रह नाही. गेलेला काळ परत आणता येत नाही, आणि पेठेवाचून आज कोणाचेच चालणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पेव हे केवळ धान्याचे कोठार नव्हते. वाईट वर्षाची ती तरतूद होती. नवी व्यवस्था आणताना जुनी तरतूद मोडली, तर तिच्या जागी दुसरी कोणती तरी उभी केली पाहिजे. ती खात्रीच्या पाण्याची असो, पिकाच्या विम्याची असो, सहकारी पतपेढीची असो, किंवा कपाशीच्या ओळींत तूर घेण्याची असो. ज्या देशांतून खुल्या पेठेचा विचार आला, त्यांनीही आपल्या शेतकऱ्यांकरिता अशा तरतुदी करून ठेविल्या आहेत. आपण विचार घेतला आणि तरतूद घ्यावयास विसरलो, असे होऊ नये.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुढे तुम्ही अधिकारी व्हा, व्यापारी व्हा, शिक्षक व्हा की शेतकरी व्हा, कोणी नवा आर्थिक विचार पुढे ठेवला तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हा विचार कोणत्या परिस्थितीत जन्मला, व ती परिस्थिती येथे आहे काय? चांगल्या वर्षीचा नफा कोणाच्या पदरी पडेल, व वाईट वर्षीचा तोटा कोणाच्या? आणि याच्या स्वीकाराने आपल्याजवळची कोणती तरतूद मोडणार आहे?

पालकांसही आमची एक विनंती आहे. घरचा कर्जाचा व पिकाचा हिशेब मुलांपासून लपवू नये. आईबापांची चिंता मुलांस न सांगता कळतेच. कळत नाही तो हिशेब, आणि हिशेब न कळता चिंता तेवढी कळली म्हणजे मूल मनात कुढते. तेव्हा येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने वडिलांजवळ किंवा आईजवळ बसून एक पानभर टिपण करावे : यंदा शेतात काय काय पेरले, पेरणीस रोकड किती लागली, ती कोठून आली, आणि घरचे धान्य किती महिने पुरेल. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी आजोळी किंवा शेजाऱ्यांकडे विचारावे. शाळा उघडल्यावर ती टिपणे घेऊन आपण याच धड्यास पुन्हा आरंभ करू.