तळमजल्यावर मद्यालय, वर बिऱ्हाडे

पणजी, मडगाव, म्हापसा या शहरांत तळमजल्यावर परवानाधारक मद्यालय आणि वर राहती बिऱ्हाडे अशा इमारती आढळतात. अबकारी खात्याचा परवाना हा मद्यविक्रीचा असतो. त्यायोगे शेजाऱ्याची झोप मोडण्याचा अधिकार मिळत नाही. तसेच हा धंदा कायदेशीर आहे, हे रहिवाशांनीही विसरू नये.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ होय. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. इमारत कोणत्या क्षेत्रात मोडते हे पाहिल्यावाचून वाद घालणे व्यर्थ होय.

वरच्या मजल्यावरील त्रास पुष्कळदा केवळ हवेतून येत नाही. छताला टांगलेल्या ध्वनिवर्धकाचा ठोका स्लॅबमधून व भिंतींतून वर चढतो. खिडक्या लावूनही तो थांबत नाही. खाली उभ्या असलेल्या चालकास तर तो जाणवतही नाही. म्हणून त्यास, संगीत चालू ठेवूनच, एकदा वरच्या शयनगृहात बोलावून ऐकवावे. ध्वनिवर्धक छतावरून उतरवून जाड रबरावर ठेवणे व खर्जातील आवाज कमी करणे, हा उपाय अल्पखर्ची आहे. मध्यरात्री खडखडणाऱ्या शटरला तेलपाणी करण्यास तर काहीच लागत नाही!

एवढ्यानेही न भागल्यास, आवाज मर्यादेहून १० डेसिबल वा अधिक असेल किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर नियम ७ अन्वये नियुक्त प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रारीत तारीख, वेळ व खोली यांची रोजची नोंद जोडावी.