मीठ आणि रक्तदाब : वाद कोठे संपतो?

मिठावाचून अन्नाला चव नाही आणि शरीराचा व्यवहारही चालत नाही. शरीरातील पाण्याचा समतोल राखणे, मज्जातंतूंतून संदेश वाहून नेणे, स्नायूंचे आकुंचन घडवून आणणे ही कामे मिठातील सोडियमवर अवलंबून असतात. मात्र तेच मीठ प्रमाणाबाहेर गेल्यास रक्तदाब वाढतो आणि पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांना वाट मोकळी होते. नागपूरच्या रहिवाशांपुढे या प्रश्नाची आणखी एक बाजू उभी राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि घामावाटे मीठ निघून जाते. अशा हवेत मीठ कमी करावे की वाढवावे?

शतकभराचा वाद

आहारातील मीठ घटविल्यास रक्तदाब उतरतो, हे १९०४ साली पॅरिसमधील आंबार आणि बोजार या संशोधकांनी मोजक्या रुग्णांवरून दाखविले. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. वॉल्टर केंपनर यांनी तीव्र रक्तदाबाच्या रुग्णांना भात व फळे यांच्या जवळजवळ अळणी आहारावर ठेवले आणि त्यांपैकी अनेकांना उतार पडला. पुढे डॉ. लुईस डाल यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून असे आढळले की, सारखेच मीठ दिले तरी काही उंदरांचा रक्तदाब भराभर वाढतो, तर काहींवर फारसा परिणाम होत नाही. मीठ बाधण्याची प्रवृत्ती आनुवंशिकही असते, असा त्याचा अर्थ होता.

म्हणूनच एकट्या-दुकट्या व्यक्तीच्या उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही. नागपूरजवळच्या सेवाग्रामचाच दाखला घ्यावा. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना मीठ वर्ज्य करण्याचा प्रयोग केला होता. तरीही १९३७ नंतरच्या काळात त्यांचा रक्तदाब अनेकदा चिंताजनक पातळीवर गेला. वय, आनुवंशिकता, वजन, श्रम आणि मनावरील ताण यांचाही रक्तदाबाशी संबंध असतो.

खरा निवाडा मोठ्या पाहणीतूनच होणे शक्य होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ पाहणीत ३२ देशांतील ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. दिल्ली व लडाख ही त्यांतील भारतीय केंद्रे होत. अत्यल्प मीठ खाणाऱ्या चार एकाकी जमातींमध्ये रक्तदाब कमी आढळला. त्या वगळल्यावर मात्र उरलेल्या केंद्रांचे सरासरी रक्तदाब आणि मीठ यांचा मेळ स्पष्टपणे बसेना. तथापि जेथे मीठ अधिक, तेथे वयाबरोबर रक्तदाबही अधिक वेगाने चढतो, हे दिसून आले. एकाच पाहणीतून दोन्ही पक्षांना आधार मिळाला.

२००१ मध्ये अमेरिकेत ४१२ व्यक्तींना ठरवून दिलेला आहार देण्यात आला, तेव्हा मीठ पायरीपायरीने उतरविताच रक्तदाबही उतरत गेला. याउलट २०१४ मध्ये भारतासह अनेक देशांतील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत फार कमी मीठ खाणाऱ्यांमध्येही मृत्यू व हृदयविकार अधिक आढळले. त्यावर आक्षेप असा की, मिठाचा अंदाज एकदाच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावरून बांधला होता आणि आजारी माणूस मुळातच कमी जेवतो. २०२१ साली चीनमधील ६०० खेड्यांतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा ठेवल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले.

तात्पर्य, जादा मिठाने रक्तदाब वाढतो याविषयी आता फारसे दुमत नाही. मीठ किती खालपर्यंत न्यावे, एवढाच वाद उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरू नये इतके मीठ सुचविले आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन ८ ग्रॅम होते. वादाची सीमारेषा कोठेही आखली, तरी ज्यांचे सेवन याहूनही अधिक आहे त्यांनी ते घटविणेच हितावह होय.

नागपूरचा उन्हाळा

उष्म्याला सरावलेले शरीर घामातील मीठ राखू लागते, हे येथे ध्यानात घ्यावे. घरात वा कार्यालयात बसून काम करणाऱ्यास उन्हाळ्यात पाणी अधिक लागते. जादा मिठाची त्याला सहसा गरज नसते. भर उन्हात दिवसभर राबणारा शेतमजूर किंवा बांधकामावरील कामगार यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना घामाच्या प्रमाणात मीठ-पाणी मिळालेच पाहिजे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या अशा श्रमिकांनी उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांशी विचारविनिमय करावा.

स्वयंपाकघरातील हिशेब

पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यात तयार झालेल्या खाद्यपदार्थांतून येते. आपल्याकडे मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून. त्यामुळे नियंत्रणही घरच्याच हाती आहे. चार प्रौढांच्या कुटुंबाला दर माणशी ५ ग्रॅम धरल्यास महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरते. किलोची पिशवी महिनाभरातच संपत असेल, तर हात आखडता घ्यावा. लोणचे, पापड, कुरडया, फरसाण आणि बाहेरचा झणझणीत रस्सा यांतील मीठ या हिशेबात धरावे. वरणभाताच्या ताटात वरून मीठ वाढणे बंद करावे. चव महिन्याभरात सरावते. लिंबू, आमसूल, कोथिंबीर, जिरे मदतीला असतातच. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते मोजूनच वापरावे. मीठ कमी करावे, परंतु ते आयोडीनयुक्तच असावे. पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकते. वैद्यकीय सल्ल्यावाचून ते वापरू नये.

वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये नागपूरच्या शेजारचे भंडारा व वर्धा यांचा समावेश होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातच रक्तदाब मोजणे आणि औषधे नियमित देणे हा त्याचा गाभा आहे. मीठ घटविणे औषधाला साहाय्य करते, त्याची जागा घेत नाही. यास्तव तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मर्जीने बंद करू नये.