कार्ड पर्समध्येच होतं

ये, बस अशी जवळ. काकू चहा ठेवतेय तोवर दोन गोष्टी सांगते. जर्मनीला निघताना मला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरलेत ना, ते एकदम हाती येत नाहीत गं. महिन्याला 992च सुटतात, तेही तिकडे पत्ता नोंदवून बँकेत खातं उघडल्यावर. आणि पहिल्याच महिन्यात खोलीचं डिपॉझिट, भाडं, सेमिस्टरची फी, विम्याचा हप्ता, सगळं एकदम अंगावर येतं. तेवढे पैसे वेगळे ने. पुढे दर महिन्याला आधी भाडं आणि विमा बाजूला काढ, उरतील त्याचे चार आठवडे पाड. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले, तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती महिना 11.5 पौंड होती. त्यातून त्यांनी पोट मारलं, पण पुस्तकं घेतलीच. कशाला कात्री लावायची नाही, हे आधी ठरवायचं असतं. तू विम्याला लावू नकोस.

तुझी तिशी झालेली नाही, म्हणजे तिथला सार्वजनिक आरोग्य विमा तुला विद्यार्थी दरात मिळेल, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. एखादा एजंट स्वस्तातली खासगी पॉलिसी दाखवेल. घाईने सही करू नकोस. सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत त्यात जाता येत नाही. चष्म्याचा खर्च त्यात सहसा बसत नाही, म्हणून जालन्याहून दोन चष्मे करून घे. दातही दाखवून ये.

आता माझं ऐक. पहिल्या हिवाळ्यात कान ठणकायला लागला. डॉक्टर किती घेईल या धास्तीने आठ दिवस शेकत बसले. बाबांनी शेत गहाण टाकलंय, एवढंच डोक्यात. नवव्या दिवशी मैत्रिणीने ओढत नेलं. विम्याचं कार्ड दाखवलं, डॉक्टरांनी तपासलं, एक सेंटही द्यावा लागला नाही. औषधाच्या दुकानात पाच युरो लागले, बस. हप्ता मी दर महिन्याला भरत होते आणि कार्ड पर्समध्येच होतं. शेत आम्ही पुढे सोडवलं. त्या कानाने मात्र मला अजून कमीच ऐकू येतं.

आश्विनात इथे बालाजी महाराजांची यात्रा भरेल, तेव्हा तुझं सेमिस्टर सुरू झालेलं असेल. गर्दीतून काका व्हिडिओ कॉल करतील, "बरी आहेस ना?" विचारतील. अंगात ताप असताना "हो" म्हणू नकोस. आधी डॉक्टर गाठ, मग घरी खरं ते सांग. आणि कार्ड हाती आलं की पहिल्यांदा मला फोन कर.