जुने कॉम्प्रेसर : संग्रह आणि जीर्णोद्धार

आपल्या संघाच्या सभासदांपैकी लोखंड, यंत्रसामग्री व भंगार यांचा व्यापार करणारी मंडळी थोडी नाहीत. त्यांच्या वखारीत वर्षाकाठी एखादा तरी जुना हवेचा कॉम्प्रेसर येतो, काट्यावर चढतो आणि बिडाच्या भावाने भट्टीकडे रवाना होतो. त्यांतील काही यंत्रे अशी असतात की त्यांच्या जोडीचे दुसरे पुन्हा दृष्टीस पडावयाचे नाही. ती कशी ओळखावी, ओळखल्यावर त्यांचे काय करावे, आणि ती चालविताना जिवाला धोका नेमका कोठे असतो, हे सांगण्याकरिता हा लेख आहे. शेवटचा भाग आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे. त्याचे कारण वाचकांस पुढे कळेल.

दाबलेली हवा कामास जुंपण्याची विद्या कारखान्यात नव्हे, डोंगराच्या पोटात वाढली. फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतातून जाणारा माँ सेनी नावाने प्रसिद्ध असलेला रेल्वेबोगदा खोदण्यास १८५७ साली आरंभ झाला. आत वाफेचे इंजिन न्यावे तर धुराने माणसे गुदमरावयाची. तेव्हा जर्मेन सोमेये या अभियंत्याने बाहेर पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर खडक फोडणारी छिद्रयंत्रे चालविली. यंत्रातून सुटलेली हवा मजुरांच्या श्वासास उपयोगी पडे, हा दुहेरी लाभ. पंचवीस वर्षांचे मानलेले काम चौदा वर्षांत उरकले. १८७१ च्या सप्टेंबरात बोगदा खुला झाला. सोमेये मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते.

पुढे १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि आगगाडीच्या इंजिनांच्या कुशीला वाफेवर चालणारा हवेचा पंप लटकू लागला. यांतील साडेनऊ इंची पंप संग्राहकांच्या विशेष आवडीचा आहे. वर वाफेचा सिलिंडर, खाली हवेचा, दोहोंचे दट्टे एकाच दांड्यावर. चाक नाही की क्रँक नाही. दट्ट्या टोकास पोहोचला की एक लहानशी झडप वाफेची दिशा उलटविते आणि यंत्र धापा टाकल्यासारखा आवाज करीत चालत राहते. आपल्याकडे वाफेच्या काळात बहुतेक गाड्यांना निर्वात ब्रेक असे. त्यासाठी हवा दाबावी लागत नाही, उलट शोषून काढावी लागते. म्हणून हा पंप येथे दुर्मिळ आहे. तो रेल्वेच्या भंगारात हटकून मिळेल या आशेने आम्ही दोन वर्षे लिलावांस हजेरी लावली. अगोदर पुस्तक उघडले असते तर प्रवासखर्च तरी वाचला असता.

ओळखण्यास सर्वांत कठीण, म्हणून हातचे निसटण्यास सर्वांत सोपे, असे यंत्र म्हणजे मोटारीच्या इंजिनात लपलेला कॉम्प्रेसर. फोर्डच्या 'ए' मॉडेलचे इंजिन चार सिलिंडरांचे व सुमारे ४० अश्वशक्तीचे होते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या गावी स्मिथ नावाच्या पेढीने त्याचे वरचे डोके बदलले. मग त्याच ठोकळ्यात दोन सिलिंडर पेट्रोल जाळून शक्ती देत आणि उरलेले दोन हवा दाबीत. वेगळे यंत्र नको, पट्टा नको, जोडणी नको. पाहणारास ते मोटारीचे मोडके इंजिनच वाटते. परंतु स्पार्क प्लग दोनच आहेत आणि डोक्यातून हवेचा जाड नळ निघाला आहे असे दिसले, तर काट्यावर घालण्यापूर्वी थांबावे. इंग्लंडात इप्सविच येथील रीव्हेल पेढीने याहून निराळी तऱ्हा काढली : एका गोल कवचात मधोमध क्रँक आणि तिच्याभोवती चार दिशांना चार सिलिंडर. हे यंत्र एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही.

झडपांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या काळच्या जड झडपा उघडझाप करण्यास वेळ घेत, त्यामुळे कॉम्प्रेसर सावकाशच फिरवावा लागे. १८९५ साली हान्स हर्बिगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने पातळ पोलादी चकतीची झडप काढली आणि यंत्राचा वेग वाढविणे शक्य झाले. याच गृहस्थाने १९१३ साली भला थोरला ग्रंथ प्रसिद्ध करून विश्वाच्या घडामोडींचे मूळ बर्फात आहे असे प्रतिपादन केले. त्याचे विश्व शास्त्रज्ञांनी मोडीत काढले. त्याची झडप अजून चालते.

आपल्या भागाविषयीही दोन शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली आमच्या बेळगावातच सायकलींचे दुकान घातले होते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९५८ साली पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कॉम्प्रेसर बनविणारी कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या वर्षांतले यंत्र हाती आले तर ते विलायती यंत्राइतकेच जतन करण्याजोगे आहे असे आम्ही समजतो. 'देशी माल, त्यात काय' असे म्हणून तो मोडीत घालणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांच्याशी आमचा हा वाद जुनाच आहे.

यंत्र घेताना आम्ही प्रथम पितळी पाटी पाहतो. भंगारात सर्वांत आधी हीच उखडली जाते, आणि ती गेली की यंत्राचे नाव, क्रमांक व दाबाची मर्यादा सर्वच गेले. नंतर गतिचक्र हाताने फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर घण मारू नये. सिलिंडरात पातळ तेल घालून महिनाभर थांबण्याची तयारी असावी. आमचे एक यंत्र सात आठवड्यांनी सुटले. रिंगा गेल्या असल्यास चिंता नाही. बेळगावच्या ओतशाळांत चांगले बीड ओतून मिळते व लेथवर रिंगा निघतात. पांढऱ्या धातूचे बेअरिंग मात्र ओतून खरवडणारा कारागीर आता शोधावा लागतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने बिडावरील चिकटा निघतो, पण ॲल्युमिनियम व पांढरा धातू त्यात खाल्ला जातो. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ते कोरडे खरवडू नये. लहान पंपांत दट्ट्यावर चामड्याचा वायसर असतो. आपल्यापैकी ज्यांस चामडे वर्ज्य आहे त्यांनी कृत्रिम रबराचा घालावा, काम तितकेच चोख होते. हवेचे मार्ग रॉकेलने वा पेट्रोलने कधीही धुऊ नयेत. दाबल्याने हवा तापते, आणि त्या उष्णतेत उरलेली वाफ पेट घेऊन नळ फुटल्याची उदाहरणे आहेत. याच कारणास्तव झडपांवरील काजळी काढून टाकावी आणि तेल कॉम्प्रेसरसाठी केलेलेच वापरावे. रंगाविषयी आमचे मत बहुतेकांस पटत नाही : मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असला तरी तो राखावा, नवा चोपडू नये.

आता टाकीविषयी. काही वर्षांपूर्वी आम्ही एक दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर टाकीसह विकत घेतला. विकणाऱ्याने टाकी 'तपासलेली' असल्याचे सांगितले, बाहेरून रंग ताजा होता, आणि आम्ही विश्वास ठेवला. त्याच संध्याकाळी उत्साहाच्या भरात यंत्र जोडून १०० पौंडांपर्यंत हवा भरली. आमचा भाचा, तेव्हा बारा वर्षांचा, टाकीवर हात ठेवून तिची थरथर पाहत होता. काही झाले नाही. पुढील आठवड्यात एका अनुभवी फिटरने टाकी हातोडीने ठोकून पाहिली, तळाशी आवाज बद्द आला, आणि त्याने आम्हांस सर्वांसमक्ष खडसावले.

हिशेब साधा आहे. टाकीच्या पत्र्यावरील ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. आमच्या टाकीचा व्यास २० इंच, दाबाची मर्यादा दर चौरस इंचास १५० पौंड आणि मूळ पत्रा पाव इंच. ताण येतो ६,००० पौंड. पत्रा गंजून अर्धा झाला की १२,०००, आणि खड्ड्याच्या जागी एक सोळांश इंच उरला की २४,०००. पोलाद याहून बरेच अधिक सोसते, असे कोणी म्हणेल. परंतु सांधा पत्र्याहून दुबळा असतो, खड्ड्याच्या काठाशी ताण एकवटतो, आणि हवा भरण्या-सोडण्याच्या हजारो फेऱ्यांनी धातू थकलेला असतो. गंज नेहमी तळाशी लागतो, कारण हवेतील पाणी तेथेच साचते. बाहेरून तो दिसतच नाही.

म्हणून परीक्षा पाण्याने करावयाची. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने दाब कामाच्या दीडपट, म्हणजे आमच्या टाकीसाठी २२५ पौंड, न्यावयाचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून टाकी फाटली तरी पाणी गळते व दाब क्षणात उतरतो. दाबलेली हवा तेवढ्याच जागेत पुष्कळ शक्ती साठवून असते. ती सुटली की पत्र्याचे तुकडे उडतात. ही परीक्षा जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावी. १९४८ च्या कारखाना कायद्यातही दाबाच्या यंत्रांसाठी ३१ वे कलम स्वतंत्र घातले होते, ते उगीच नव्हे.

आमची टाकी १४० पौंडांवर तळाशी पाझरू लागली. बोट लावून पाहिले तो पत्रा कागदासारखा दबला. आदल्या आठवड्यात भाच्याने हात ठेवला होता ती जागा तेथून वीतभर अंतरावर होती.

ती टाकी आम्ही विकली नाही. कोणी रंगवून पुन्हा वापरील ही भीती होती. तळाशी मुठीएवढे भोक पाडून ती यंत्राशेजारी ठेवली आहे. कॉम्प्रेसर प्रमाणपत्र असलेल्या नव्या टाकीस जोडला, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसविला, आणि यंत्र म्हातारे म्हणून दाब ८० पौंडांच्या वर नेत नाही. दर रविवारी सकाळी तो अर्धा तास चालतो. तेल भाचा घालतो; तो आता ओतशाळेत नोकरीस आहे, आणि टाकीच्या तळाचे पाणी सोडल्याखेरीज कोणास खटका दाबू देत नाही.