वांगं बघून बेत

पोरांनो, मंडईत जाताना 'आज भरली वांगी' असं घरूनच ठरवून निघू नका. आधी टोपलीत काय आलंय ते बघा आणि मग बेत ठरवा. वांग्याच्या भाजीत निम्मी चूक तिथेच होते. भरताचं वांगं भरायला घेतलं जातं, भरायचं वांगं रश्शात जातं आणि मग मसाल्याला नावं ठेवली जातात. माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर कृष्णाकाठचं. दोन्हीकडं वांग्याचा अभिमान मोठा आणि दोन्हीकडची वांगी एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आधी निवड. साल ताठ आणि चकचकीत हवी, देठ हिरवा आणि अंगाला चिकटलेला हवा. अंगठ्यानं हलकं दाबा. खळगा भरून आला तर वांगं कोवळं आहे, दाबलेलं तसंच राहिलं तर शिळं. सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत धरा आणि हलकं असेल ते घ्या, जड वांग्यात बी भरलेलं असतं. टाचणीएवढं भोक दिसलं की ते बाजूला ठेवा, आत अळी आहे. एकदम किलोभर आणून साठवू नका. फ्रिजच्या थंडीत चार दिवस पडलं की सालीवर खड्डे पडतात आणि आतला गर काळवंडतो. आणलं की दोन दिवसांत संपवा.

चिरायच्या आधी मीठ घातलेलं पाणी पातेल्यात तयार ठेवा आणि फोड विळीवरून थेट पाण्यात पडू द्या. हवा लागली की वांगं काळं पडतं, लोखंडाच्या विळीवर तर फारच लवकर. फोडी वर तरंगतात, म्हणून वर एक ताटली दडपून ठेवा. तासभर मात्र भिजत घालू नका, चव पाण्यात जाते. फोडणी तडतडायला लागली की मगच निथळून काढा.

दुसरी गोष्ट तेलाची. वांगं कढईत पडलं की सगळं तेल पिऊन टाकतं आणि कढई कोरडी दिसते. तिथे घाबरून दुसरी पळी ओतायची नाही. आच मंद करा, चिमूटभर मीठ टाका, झाकण ठेवा. गर मऊ होऊन बसला की प्यालेलं तेल तो परत सोडतो. नंतर ओतलेली पळी ताटात तरंगताना दिसते.

आता भरीत. त्याला मोठं, बिनबियांचं वांगं लागतं. आमच्या जळगावकडची फिकट हिरवी, लांबट वांगी त्यासाठीच ओळखली जातात. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडीत शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर ढीगभर वांगी भाजतात आणि गावच्या गाव भरीत खायला जमतं. तुमच्याकडं गॅस आहे, तर गॅसवर भाजा. वांग्याला तेलाचा हात लावा आणि सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर ते फुटतं आणि शेगडीभर उडतं. देठ धरून फिरवत राहा. पोट लवकर मऊ होतं, देठाजवळचा भाग कच्चा राहतो, म्हणून शेवटी तिथेच सुरी घालून बघा. विनाअडथळा आत गेली आणि सालीतून रस पाझरायला लागला की उतरवा. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे साल आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलू नका, धुराचा सगळा वास पाण्याबरोबर वाहून जाईल. वाटीत पाणी घेऊन बोटं ओली करत सोला. मग ते मिक्सरमध्ये फिरवू नका. त्याची पेस्ट होते आणि भरताला दाताखाली रेषा लागल्या पाहिजेत. हातानं कुस्करा किंवा लाकडी बत्त्यानं ठेचा.

खान्देशी भरताला लाल तिखट नाही, हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून मिठाबरोबर ठेचायचे. तेलात शेंगदाणे तळायचे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप घालायचे, मग भरपूर कांद्याची पात आणि शेवटी ठेचलेलं वांगं. पात करकरीतच राहू द्या. बरोबर कळण्याची भाकरी, कळण्याची पुरी असेल तर पाहुण्यांना दुसरं काही विचारायला नको.

पुण्याकडं दह्यातलं भरीत करतात, त्याची रीत वेगळी. वांगं पूर्ण गार झाल्याशिवाय दही घालायचं नाही. दही घट्ट आणि गोडसर हवं, आंबट दह्यानं वांग्याची चव मरते. कच्चा कांदा बारीक चिरून, वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी, आणि मीठ अगदी वाढताना. आधी मीठ घातलं की कांद्याला आणि दह्याला पाणी सुटतं.

भरल्या वांग्याला छोटी, काटेरी, एकसारखी वांगी घ्या. आमच्या कृष्णाकाठची वांगी त्यात पहिली. मांजरी गोटा मिळाला तर तोही चालेल, फक्त लहान निवडा. काटे सुरीनं खरवडा, देठ मात्र ठेवा. भरलेलं वांगं देठ धरून चोखून खाण्यातच गंमत आहे आणि देठामुळं ते शिजताना उलगडत नाही. खालून अधिक चिन्हासारखी चीर देठाच्या अलीकडं थांबवा. पाव किलो वांग्यांना अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाव वाटी किसून भाजलेलं सुकं खोबरं आणि दोन चमचे भाजलेले तीळ. त्यात लसूण, मीठ, गूळ आणि तुमच्या घरचा मसाला. पुण्याची असाल तर गोडा, साताऱ्याची असाल तर कांदा-लसूण, सोलापूरची असाल तर काळा. कूट जाडसर हवं, पीठ झालं तर रस्सा चिकट होतो. सारण दाबून भरा आणि थोडं मागं ठेवा, ते रश्शाला लागतं.

ही वांगी तेलात सगळ्या बाजूंनी परता. साल सुरकुतली की वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. तेच तापलेलं पाणी लागेल तसं आत ओता. गार पाणी ओतलं की शिजणं अडतं आणि तवंग येत नाही. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं तर वांगं लवकर मऊ होत नाही. टोमॅटो घालणार असाल तर त्यालाही हाच नियम.

कापांना जाड, गोल, जांभळं वांगं लागतं. गोव्यात आगशीची वांगी नावाजलेली आहेत. काप निम्म्या बोटाएवढे जाड करा. पातळ केले तर तेलकट चिप्स होतात, फार जाड केले तर आत कच्चे राहतात. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या म्हणजे तेल कमी पितात. मग हळद, तिखट, थोडं आगळ. तांदळाच्या पिठात रवा मिसळा आणि काप अगदी तव्यावर टाकताना त्यात घोळवा. आधी घोळवून ठेवले की पीठ ओलं होतं. आच मध्यम, झाकण नाही. काढल्यावर एकावर एक रचू नका, वाफेनं खालचे मऊ पडतात.

डाळ-वांगं करताना वांगी डाळीबरोबर कुकरमध्ये घालू नका. तूरडाळ वेगळी शिजवा, फोडी फोडणीत अर्ध्या शिजवा आणि मग दोन्ही एकत्र उकळा. आमसूल उतरवताना. वांगीभातालाही तसंच. लांब फोडी आधी तेलात परतून बाजूला काढा, तांदूळ मसाल्यात परता, आधणाचं पाणी घाला आणि भात निम्मा शिजला की फोडी वर पेरा. पहिल्यापासून ढवळलं तर वांगं शोधावं लागतं.

कोकणातल्या माणसाच्या हाताखाली शिकायची भाजी म्हणजे सुकट-वांगं. सुकट कोरडी भाजा, डोकी आणि चुरा पाखडून टाका, मग पाण्यातून पटकन काढा. कांदा भरपूर, वांग्याच्या फोडी बारीक, मिठाला हात आखडता. सोडे घालायचे असतील तर आधी भिजवून घ्या.

चुकून बी धरलेली वांगी घरात आलीच तर टाकू नका. बिया खरवडून काढा आणि उरलेला गर डाळीत किंवा सुकटीत घाला. भरली वांगी किंवा भरीत मात्र त्यांचं करायचं नाही. उन्हाळ्यात वांगी स्वस्त झाली तर चकत्या करून कडक उन्हात वाळवा. विदर्भात याच खुला. पावसाळ्यात गरम पाण्यात भिजवून, डाळीत किंवा दाण्याच्या रश्शात सोडल्या की भाजीवाला न आला तरी अडत नाही.

सणवारही ध्यानात ठेवा. बऱ्याच घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खायला सुरुवात होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या मिसळ भाजीत वांगं हवंच. गाजर, पावटा, ओला हरभरा यांच्याबरोबर ते सगळ्यात शेवटी घाला, कारण सगळ्यात आधी तेच शिजतं.

शेवटचं सांगणं रांधणाराला नाही, वाढणाराला. वांग्यानं काहींच्या घशाला खवखव सुटते, काहींच्या अंगाला खाज येते. त्यांना 'एवढंसं खा, काही होत नाही' म्हणून आग्रह करू नका. त्या पानात पिठलं वाढा.