प्रतिश्याय : घरगुती उपचार व वैद्याचे तारतम्य

पावसाळा ओसरला की नांदगाव परिसरात पहाटे दव व दुपारी कडक ऊन असे विषम हवामान सुरू होते आणि प्रतिश्यायाचे रुग्ण वाढतात. सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राच्या २४व्या अध्यायात या व्याधीची चिकित्सा वर्णिली आहे.

आमावस्थेत लंघन, पाचन व स्वेदन यांवर आम्ही भर देतो. घरोघरची उकड्या तांदळाची पेज हा लघु आहारच होय. सोबतची कुळथाची पिठी कफवातशामक असली, तरी पित्तप्रकृतीच्या रुग्णास बेतानेच द्यावी. सुंठ घालून निम्मे आटविलेले पाणी कोमट असताना घोटघोट घ्यावे. नवप्रतिश्यायात नस्य वर्ज्य आहे, हे विसरू नये.

औषधविक्रेत्यांनीही दक्ष असावे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १ भाग असते. म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेही रुग्णास हे आधी सांगावे. अनुपानाचा मध तापवू नये. एक वर्षाखालील बालकास तर तो देऊच नये.

मात्र प्रत्येक ताप प्रतिश्यायाचा नसतो. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. भातखाचरात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तीव्र ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे वा धाप ही लक्षणे दिसताच काढ्यावर दिवस न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. वेळीच पाठविणे हीसुद्धा चिकित्साच, असे आम्ही मानतो.